संसार आणि क्रीडांगण

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, क्रीडा-पारितोषिक वितरणाच्या प्रसंगी दिलेले भाषण)



पारितोषिक वितरणाच्या अखेरीस चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल मंडळाचे प्रथम आभार मानतो. चहाची वेळ जवळ आली आहे आणि बालगोपाळांची चुळबुळ व्यासपीठावरूनही दिसत आहे. तेव्हा प्रास्ताविक लांबविण्याचा अपराध आम्ही करणार नाही.

आत्ताच आपल्या ज्ञातीतील अनेक कन्यांनी पारितोषिके स्वीकारली. त्यांचे कौतुक आपण सर्वांनी टाळ्यांनी केलेच आहे. परंतु समारंभापूर्वी चिटणिसांनी विजेत्यांची यादी आमच्या हाती दिली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. खेळांच्या स्पर्धांत बालिकांचा गट आहे, शालेय मुलींचा आहे आणि शेवटी ‘कुमारी’ असा एक गट आहे. तेथे यादी संपते. विवाहित भगिनींसाठी पाककृती आहे, रांगोळी आहे, उखाणे आहेत, आणि खेळ म्हणावा तर संगीतखुर्ची आहे. पुरुषांसाठी मात्र ‘प्रौढ गट’ आहे आणि त्यात पन्नाशी उलटलेले आमचे स्नेही दरवर्षी मोठ्या हिरिरीने बॅडमिंटन खेळतात. म्हणजे आमच्या यादीच्या हिशेबाने मुलगा वाढून प्रौढ होतो, आणि मुलीचे मात्र लग्न होते.

यात कोणाला दोष द्यावा असा आमचा हेतू नाही. द्यायचाच झाला, तर पहिला दोष आमच्याच पदरी येतो. आमची धाकटी बहीण शाळेत असताना बॅडमिंटन फार चांगले खेळत असे. लग्न ठरले तेव्हा सासरी न्यावयाच्या सामानात तिने आपली रॅकेट ठेवली होती. सामान लावताना ती आमच्या दृष्टीस पडली आणि ‘सासरी हे कशाला?’ असे म्हणून आम्ही ती काढून माळ्यावर टाकली. ती काही बोलली नाही. आम्हांलाही त्यात बोलण्यासारखे काही वाटले नाही. पुढे त्या रॅकेटचे काय झाले ते शेवटी सांगू. आज तुमच्यापुढे एका परदेशीय स्त्रीचे क्रीडाचरित्र मांडण्याची इच्छा झाली, तिच्या मुळाशी मात्र ही रॅकेट आहे.

त्या स्त्रीचे नाव डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. माहेरची ती डोरोथिया डग्लस. लंडनच्या पश्चिमेस ईलिंग म्हणून जे उपनगर आहे, तेथे ३ सप्टेंबर १८७८ रोजी तिचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते. विंबल्डन येथे पुरुषांची टेनिस स्पर्धा १८७७ साली सुरू झाली आणि स्त्रियांची १८८४ साली. त्या पहिल्या वर्षी अवघ्या तेरा स्त्रियांनी नावे दिली होती. म्हणजे हा खेळ आणि ही मुलगी एकाच काळात वाढली. ईलिंगच्या टेनिस क्लबात तिचा खेळ तयार झाला. ती हॉकी खेळे, आणि बॅडमिंटनमध्ये तर १९०३ साली अखिल इंग्लंड स्पर्धेत तिने स्त्रियांच्या दुहेरीचे व पुढच्या वर्षी मिश्र दुहेरीचे अजिंक्यपद मिळविले. या बॅडमिंटनचे एक जुने नाव ‘पूना’ असे होते, कारण त्याचे आरंभीचे नियम १८७० नंतरच्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांनी बांधले. तेव्हा या बाईंच्या कर्तृत्वाशी आपल्या पुण्याचा इतका तरी संबंध लागतो.

विंबल्डनच्या हिरवळीवर ती प्रथम १९०० साली उतरली. त्या वेळी यश आले नाही. १९०३ साली मात्र ती विजेती झाली आणि १९०४ साली तिने ते पद राखले. १९०५ साली कॅलिफोर्नियाहून मे सटन नावाची अठरा वर्षांची मुलगी आली. तिने ६-३, ६-४ असा डोरोथियाचा पराभव केला आणि विंबल्डन जिंकणारी ती पहिली परदेशीय खेळाडू ठरली. पुढल्या वर्षी डोरोथियाने तिला हरवून पद परत मिळविले. १९०७ साली सटनने ते पुन्हा नेले. मे सटन हे नाव श्रोत्यांनी कृपा करून ध्यानात ठेवावे. ते पुढे एकदा येणार आहे.

१९०७ च्या एप्रिल महिन्यात डोरोथियाचा विवाह झाला. रॉबर्ट लॅम्बर्ट चेंबर्स हे व्यापारी गृहस्थ तिचे पती. विवाहसमयी तिच्या नावावर तीन अजिंक्यपदे होती आणि वय अठ्ठावीस वर्षांचे होते. हे चरित्र आपल्या ज्ञातीतील एखाद्या कन्येचे असते, तर चरित्रकाराने येथे पूर्णविराम दिला असता आणि खाली लिहिले असते, ‘पुढे त्या संसारात रमल्या.’ ते वाक्य खोटेही ठरले नसते. संसारात रमणे ही वाईट गोष्ट नव्हे. परंतु या बाईंच्या सात अजिंक्यपदांपैकी चार या विवाहानंतरची आहेत. तीन मिस डग्लसने मिळविली आणि चार मिसेस लॅम्बर्ट चेंबर्सने. नाव बदलले; हात तोच राहिला.

पण तिकडे जाण्यापूर्वी १९०८ सालचा एक पराभव सांगितला पाहिजे, कारण आमच्या मते या चरित्रातील एक महत्त्वाचा धडा त्यात आहे. त्या वर्षी विंबल्डनमध्ये तिची गाठ शार्लट स्टेरी या बाईशी पडली. ही माहेरची कूपर. १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत टेनिसचे विजेतेपद मिळविणारी हीच. तिला ऐकू येत नसे. वयाच्या सव्विसाव्या वर्षीच तिची श्रवणशक्ती गेली होती. १९०८ साली तिचे वय सदतीस वर्षांचे होते आणि घरी दोन लहान मुले होती. या दोन मुलांच्या आईने नवविवाहित मिसेस चेंबर्सला ६-३, ७-५ असे हरविले आणि पुढे ती स्पर्धाही जिंकली. सदतिसाव्या वर्षी विंबल्डनचे एकेरीचे पद जिंकणारी शार्लट स्टेरी आजही त्या यादीत वयाने सर्वांत मोठी आहे.

विवाह होऊन एकच वर्ष झालेल्या स्त्रीने जाळ्याच्या पलीकडे हे दृश्य पाहिले. त्याने तिला काय शिकविले असेल, ते सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या मुली लग्नानंतर खेळ सोडतात, त्याचे कारण आपण पुष्कळदा वेळेच्या अभावात शोधतो. एक कारण आमच्या मते याहून साधे आहे. त्यांनी आपल्या अवतीभवती खेळणारी आई कधी पाहिलेली नसते. जे दृष्टीस पडत नाही, त्याची इच्छा धरणेही अवघड जाते. मिसेस चेंबर्सला ती आई प्रतिस्पर्धी म्हणून भेटली, हे तिचे भाग्य म्हटले पाहिजे. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत, विंबल्डनच्याच हिरवळीवर, तिने अंतिम सामन्यात डोरा बूथबी हिला ६-१, ७-५ असे हरवून सुवर्णपदक मिळविले.

१९०९ साली ती स्पर्धेत नव्हती. घरी पहिल्या मुलाचे आगमन झाले होते. त्या वर्षी विजेतेपद डोरा बूथबीकडे गेले. येथे त्या काळची एक रीत सांगणे अवश्य आहे. गतवर्षीची विजेती पहिल्या फेरीपासून खेळत नसे. बाकीच्या सर्वांनी आपसांत खेळावे, त्यातून जी एक उरेल तिने विजेतीला आव्हान द्यावे, अशी पद्धत १९२१ पर्यंत होती आणि त्या अखेरच्या सामन्यास आव्हान फेरी म्हणत. वर्षभर दूर राहिलेल्या मिसेस चेंबर्सला १९१० साली त्यामुळे अगदी खालून आरंभ करावा लागला. एकेक फेरी जिंकत ती वर आली आणि आव्हान फेरीत तिने बूथबीला ६-२, ६-२ असे हरविले. पुढल्या वर्षी त्याच बूथबीने आव्हान दिले, तेव्हा निकाल ६-०, ६-० असा लागला. प्रतिस्पर्ध्यास एकही गेम न देता विंबल्डनचा अंतिम सामना जिंकण्याचा हा प्रसंग त्यानंतर एकशे चौदा वर्षे स्त्रियांच्या एकेरीत पुन्हा घडला नाही. तो घडला २०२५ साली, पोलंडच्या इगा श्विआंतेकच्या हातून. हे १९११ सालचे पराक्रमी हात एका लहान मुलाच्या आईचे होते, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

१९१२ साली दुसऱ्या मातृत्वामुळे ती पुन्हा दूर राहिली. १९१३ साली पुन्हा खालून सुरुवात, आणि पुन्हा अजिंक्यपद. १९१४ साली एथेल लार्कमवर ७-५, ६-४ असा विजय मिळवून ते तिने राखले. हे सातवे. त्यानंतर काही आठवड्यांतच युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला आणि चार वर्षे विंबल्डनच्या हिरवळीवर स्पर्धा झाल्या नाहीत.

या बाईंचा खेळ कसा होता, ते थोडक्यात सांगतो. फार जोराने मारा करण्यावर तिचा भर नव्हता. मैदानाच्या मागील रेषेवरून चेंडू खोल आणि नेमक्या जागी टाकणे, प्रतिस्पर्ध्याला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळविणे, आणि तो मागे गेला की चेंडू अलगद जाळ्याजवळ टाकणे, ही तिची रीत. चुका फार कमी आणि धीर फार मोठा. आमच्या वडीलधाऱ्या सुगृहिणींच्या कारभाराचेच हे वर्णन वाटावे! १९१० साली तिने स्त्रियांसाठी टेनिसवर एक पुस्तक लिहिले. त्यात खेळाच्या सरावाबरोबर पोषाखाचाही विचार आहे. त्या काळी टेनिस खेळणाऱ्या इंग्रज स्त्रिया जमिनीवर लोळणारे झगे नेसून धावत असत. साधा, पांढरा आणि जमिनीपासून चार-पाच इंच वर राहील असा घागरा वापरावा, असे तिने सुचविले. आज ही सूचना वाचून हसू येईल. परंतु नऊवारीचा काष्टा घालून शेतात राबणाऱ्या आमच्या आजीला, धावण्यास पाय मोकळे हवेत ही गोष्ट पुस्तकातून कळावी लागली नव्हती, हेही त्याबरोबर आठवावे.

आता १९१९ सालच्या सामन्याकडे येतो. या बाईंची कीर्ती सात विजयांनी झाली खरी, पण क्रीडारसिकांच्या स्मरणात ती राहिली आहे एका पराभवाने.

युद्ध संपले. विंबल्डन पुन्हा सुरू झाले. मिसेस चेंबर्सचे वय चाळीस होते. १९१४ ची विजेती म्हणून ती आव्हान फेरीत वाट पाहत होती. फेरीमागून फेरी जिंकत तिच्यासमोर आली फ्रान्सची सुझान लेंग्लेन, वय वर्षे वीस. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी सामना पाहावयास आले होते. एकीकडे घोट्यापर्यंत पोहोचणारा घागरा आणि लांब बाह्यांचा पोलका घातलेली प्रौढ गृहिणी. दुसरीकडे आखूड बाह्यांचा, पोटऱ्यांपर्यंतच येणारा झगा घातलेली तरुणी. एक युग दुसऱ्या युगासमोर उभे राहावे, तसे ते दृश्य होते.

पहिला सेट सुझानने घेतला, पण त्यासाठी तिला १०-८ पर्यंत झुंजावे लागले. दुसरा मिसेस चेंबर्सने ६-४ असा घेतला. सामन्याच्या मध्ये सुझानचे वडील तिला ब्रँडीत भिजविलेले साखरेचे खडे पुरवीत होते, असे सांगतात. तिसऱ्या सेटमध्ये सुझान ४-१ अशी पुढे गेली. वीस वर्षांच्या मुलीपुढे चाळीस वर्षांची स्त्री तिसऱ्या सेटमध्ये इतकी मागे पडली, म्हणजे सामना संपला असेच कोणीही म्हणेल. पण मिसेस चेंबर्स एकेक गेम भरून काढीत ६-५ अशी पुढे आली आणि त्या गेममध्येही ४०-१५ अशी पुढे होती. आणखी एक गुण मिळताच सामना तिचा. अशी संधी तिला एकापाठोपाठ दोन वेळा होती. पहिल्या वेळी सुझानच्या रॅकेटच्या तारांऐवजी लाकडी कडेला चेंडू लागला आणि तरीही तो जाळ्यापलीकडे जाऊन पडला. दुसरी संधीही हुकली. शेवटी तो सेट सुझानने ९-७ असा जिंकला. एकंदर चव्वेचाळीस गेम झाले. स्त्रियांच्या अंतिम सामन्यात इतके गेम पुढे एक्कावन्न वर्षे, म्हणजे १९७० पर्यंत, कधी झाले नाहीत.

लाकडाच्या कडेला लागलेल्या त्या एका चेंडूने आठवे अजिंक्यपद गेले. दुसरे कोणी असते तर दैवाला दोष देऊन घरी बसते. मिसेस चेंबर्स १९२० साली एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा खालच्या फेरीपासून खेळत आव्हान फेरीपर्यंत आली आणि सुझानकडून ६-३, ६-० अशी हरली. या वेळी पराभव निर्विवाद होता. ती हरणारच, हे बहुतेकांना दिसत होते. तरीही ती खेळली.

आणि आता मे सटन. १९२५ साली इंग्लंड आणि अमेरिका यांच्या स्त्रियांमधील वाइटमन चषकाचे सामने अमेरिकेत झाले. मिसेस चेंबर्सचे वय सेहेचाळीस होते. एकेरीत तिने आपल्याहून पुष्कळ लहान असलेल्या एलिनॉर गॉस हिला तीन सेटमध्ये हरविले. दुहेरीच्या सामन्यात जाळ्यापलीकडे उभ्या असलेल्या दोघींपैकी एक होती मिसेस बंडी. ही मिसेस बंडी म्हणजेच वीस वर्षांपूर्वीची मे सटन! तीही आता संसारी होती, मुलांची आई होती आणि रॅकेट हातात धरून उभी होती. तो सामना मिसेस चेंबर्सच्या जोडीने जिंकला आणि चषकही इंग्लंडने ४-३ असा जिंकला. ज्या दोन मुलींनी १९०५ साली एकमेकींशी झुंज दिली, त्याच दोघी १९२५ साली माता होऊन पुन्हा समोरासमोर आल्या, हे आम्हांला त्या निकालापेक्षाही मोठे वाटते. मे सटनची कन्या डोरोथी पुढे १९३८ साली ऑस्ट्रेलियाची अजिंक्यपदे मिळविणाऱ्यांत जाऊन बसली. खेळणारी आई मुलीच्या दृष्टीस पडली म्हणजे काय होते, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते द्यावे?

१९२८ साली मिसेस चेंबर्सने हौशी खेळाडूचे पद सोडून शिक्षकाचा व्यवसाय पत्करला आणि ती इतरांना टेनिस शिकवू लागली. ७ जानेवारी १९६० रोजी लंडन येथे वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी तिचे देहावसान झाले. तिच्यानंतर विंबल्डनची एकेरीतील विजेती माता पाहण्यासाठी जगाला १९१४ पासून १९८० पर्यंत, तब्बल सहासष्ट वर्षे, थांबावे लागले. ती माता म्हणजे ऑस्ट्रेलियाची इव्हान गुलागाँग.

येथे कोणी म्हणेल, आणि रास्तपणे म्हणेल, की हे सारे साहेबाच्या देशातील सुखवस्तू घरचे कौतुक झाले. तेथील अशा घरांत नोकरचाकर असत, मुले सांभाळण्यास दाया असत, हाकेच्या अंतरावर हिरवळीचे मैदान असे. आमच्या गृहिणीला यातले काय मिळते? हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. नुसत्या जिद्दीने कोणी परत खेळू लागत नाही. मागे कोणी तरी मूल सांभाळावे लागते, कोणी तरी स्वयंपाकघरात उभे राहावे लागते आणि खेळायला जागा लागते. म्हणूनच या चरित्रातून ‘स्त्रियांनी जिद्द धरावी’ एवढाच बोध काढून आम्ही घरी गेलो, तर तो बोध आपल्या सोयीचा होईल. जिद्द तिने धरावी आणि सोय करण्याचे आपल्याकडे काहीच नसावे, हा न्याय नव्हे.

शिवाय हे आपल्या मातीत कधी उगवलेच नाही, असेही नाही. वेदविद्येचे थोर अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या पंडिता क्षमाबाई राव यांचे नाव आपण ऐकले असेल. जन्म पुण्याचा, १८९० सालचा. गांधीजींच्या सत्याग्रहावर त्यांनी संस्कृतात काव्य रचले. ते १९३२ साली पॅरिस येथे छापले गेले. तुकाराम, रामदास यांची चरित्रेही त्यांनी संस्कृतात गायिली. या विदुषी गृहिणी टेनिस खेळत असत, हे मात्र थोड्यांना ठाऊक आहे. त्यांची कन्या लीला राव १९३४ साली विंबल्डनला गेली आणि पहिल्या फेरीचा सामना जिंकून आली. विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. संस्कृत श्लोक आणि टेनिसची रॅकेट एकाच घरात, एकाच आईच्या हातात नांदू शकतात, हे मराठी मातीने तेव्हाच दाखवून दिले होते. आणि येथेही क्रम तोच आहे. आधी आई खेळली, मग मुलगी विंबल्डनला गेली. अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर सानिया मिर्झा २०१८ साली माता झाली आणि २०२० च्या जानेवारीत, खेळात परतताच पहिल्याच स्पर्धेत, होबार्ट येथे तिने दुहेरीचे विजेतेपद मिळविले.

आता कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना. आपल्या सभागृहामागे बॅडमिंटनचे मैदान आहे. संध्याकाळी ते मुलांकडे असते आणि रात्री आम्हां प्रौढांकडे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन-दोन तास, ते विवाहित भगिनींसाठी राखून ठेवावे. त्या वेळी त्यांची मुले वाचनालयाच्या खोलीत बसतील, आणि त्यांच्याजवळ ज्येष्ठ पुरुष सभासदांपैकी दोघे आळीपाळीने बसतील. पहिल्या महिन्याच्या पाळीत आमचे नाव लिहून घ्यावे. पुढील वर्षीच्या क्रीडा-यादीत ‘प्रौढ महिला’ असा एक गट घालावा. त्यात पहिल्या वर्षी दोनच नावे आली तरी तो चालवावा. विंबल्डनलाही पहिल्या वर्षी तेराच स्त्रिया आल्या होत्या.

आणि आता ती रॅकेट. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला बहीण आमच्याकडे आली होती. जेवणानंतर अंगणात तिचा नातू बॅडमिंटन खेळत होता. त्याचे फूल तिच्यापाशी येऊन पडले. तिने जवळची रॅकेट उचलली आणि फूल परत मारले. एकदाच मारले. पण मनगटाचा तो झटका आम्ही ओळखला. इतकी वर्षे तो तिच्या हातात तसाच होता आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही माळा धुंडाळला. रॅकेट सापडली. तारा तुटल्या होत्या आणि लाकूड वाकून गेले होते. ती दुरुस्त होण्यासारखी नाही, असे दुकानदाराने सांगितले. तेव्हा यंदाच्या भाऊबीजेला आम्ही ओवाळणीच्या ताटात नवी रॅकेट ठेवली आणि त्या जुन्या गोष्टीची क्षमा मागितली. तिने ती हातात घेऊन तोलून पाहिली. मग म्हणाली, “दादा, आता माझे गुडघे दुखतात. ही मी सुनेला देते. पण तिला खेळायला जायला कुठे, ते तू सांग.”

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते या सभेपाशी आहे, म्हणून तो येथवर आणला. आज पारितोषिके मिळविलेल्या सर्व कन्यांना पन्नाशीपर्यंत खेळत राहण्याचा आशीर्वाद देऊन, आम्ही आपली रजा घेतो.